तंगीच्या दिवसांतलं देणं-घेणं

नगर, फेब्रुवारी

प्रिय सखे,



तुझं पत्र परवा पोचलं. व्हॉट्सॲपवर रोज उठून बोलतो आपण, पण हे सगळं तू कागदावर लिहिलंस तेव्हाच कळलं की फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवायला बसले आणि दुसऱ्या पानावर थांबले. तिथून पुढचं एकटीनेच वाचलं.

भाऊजींची नोकरी गेली हे आम्हाला माहीत होतं. पण घरभाडं दोन महिने साठलेल्या पैशातून चाललंय, गाडी विकायला काढलीय, आणि तिकडच्या थंडीत तू हीटर कमी करून स्वेटर घालून बसतेस, हे तू इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतंस. आणि त्याखालची ती ओळ. रविवारी उपासनेत सगळे उभे राहून आनंदाची गाणी म्हणतात, पाळकसाहेब ‘सदा आनंद करा’ यावर उपदेश करतात, आणि तुझ्या मनात येतं की यांचा पगार चालू आहे, यांना काय जातंय! असा विचार येतो म्हणून तुझा विश्वास कमी पडतोय का, असं तू विचारलंयस.

नाही गं. अजिबात नाही. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्यातला तुझा राग मला जुन्या ओळखीचा वाटला. पोट भरलेल्या माणसाने उपाशी माणसाला समाधान शिकवू नये, हे माझंही ठाम मत आहे. पण तू ज्या शब्दांवर चिडलीस ते मुळात कुठून आले ते एकदा बघ, कारण ते पोट भरलेल्या माणसाचे नाहीतच.

‘सदा आनंद करा’ हे शब्द ज्यात आहेत ते फिलिप्पैकरांस पत्र पौलाने तुरुंगातून लिहिलं. त्या काळच्या रोमी कैदेत सरकार कैद्याला पोसत बसत नसे. बाहेरच्या माणसांनी भाकरी, पांघरूण पोचवलं तर मिळायचं, नाहीतर हाल. खटल्याचा निकाल काय लागेल याची खात्री नाही, जगतो की मरतो ते ठाऊक नाही. आणि ज्यांना पत्र गेलं ती फिलिप्पैची मंडळी तरी कशी सुरू झाली होती? नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांत जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया होती, तिने पहिल्यांदा घर उघडून दिलं. मग त्याच गावात पौल आणि सीला यांना भर चौकात छड्या मारल्या, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं, आणि मध्यरात्री हे दोघे गात होते. भूकंप झाला, दारं उघडली, तरी कुणी पळालं नाही. मग त्या तुरुंगाच्या नायकाने त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरी नेऊन जेवू घातलं. मला नेहमी वाटतं, पुढे ते पत्र मंडळीत वाचलं गेलं तेव्हा हा नायकही ऐकायला बसलेला असणार. आनंद करा म्हणणारा माणूस छड्यांचे वळ पाठीवर असताना कसा गात होता, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्याला ते शब्द पोकळ वाटले नसतील.

आणि चौथ्या अध्यायात पौल काय म्हणतो बघ. भूक चांगली, टंचाई चांगली, असं कुठेही म्हणत नाही. भुकेला भूकच म्हणतो. भरपूर असताना कसं राहायचं आणि काहीच नसताना कसं राहायचं, हे दोन्ही मी शिकलो, एवढंच सांगतो. शिकलो म्हणतो. म्हणजे त्याला वेळ लागला होता. मग तुझ्याकडून तीन महिन्यांत ते यावं अशी अपेक्षा कुणी का करावी?

उपाशी माणसाला उपदेश न करता काय करायचं असतं, हे मला पंडिता रमाबाईंकडून कळतं. शाळेच्या सहलीला त्यांच्या केडगावला नेलं होतं आपल्याला, आठवतं ना? तेव्हा आपलं सगळं लक्ष डब्याकडे. आता त्यांच्याबद्दल वाचते तेव्हा जीव दडपतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, सगळं कुटुंब तीर्थातीर्थांतून पायी फिरत पुराणं सांगायचं. दुष्काळात होतं नव्हतं ते संपलं. झाडपाला खाऊन दिवस काढले. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, मग आई, आणि त्यांच्यामागून थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ. पुढे भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षं व्हायच्या आत पटकीने नवराही गेला. पदरात तान्ही मनोरमा.

आता १८९६-९७ चा दुष्काळ बघ. मध्य प्रांतात हाहाकार झालाय, अशा बातम्या येत होत्या. रमाबाईंच्या पुण्याच्या शारदासदनात तेव्हा बालविधवा शिकत होत्या. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी सदनाला दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं होतं आणि ती मुदत १८९८ मध्ये संपत होती. पुढचा पैसा कुठून येणार याचा पत्ता नव्हता. कुठल्याही हिशेबनिसाने सांगितलं असतं की बाई, आहेत तेवढ्या मुली सांभाळा, नव्या आणू नका. रमाबाई गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. त्यात पुण्यात प्लेगची साथ. इतक्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगावला शंभरेक एकर जमीन होती, फळबागेसाठी घेतलेली. तिथे तंबू ठोकले, झोपड्या उभारल्या आणि मुलींना नेलं. तेच ‘मुक्ती’. शारदासदनातल्या थोरल्या मुलींनी या नव्या मुलींची देखभाल हाती घेतली. कालपर्यंत ज्यांना घराने आणि समाजाने टाकून दिलं होतं त्या आज दुसऱ्यांची आई झाल्या. मला या सगळ्या गोष्टीत हे सगळ्यांत मोठं वाटतं. त्या मुलींकडे तोवर द्यायला होतं तरी काय? दोन हात होते, आणि स्वतः भोगलेल्या दुःखाची ओळख होती.

पुढे १९०० च्या दुष्काळात, ज्याला गुजराती लोक छप्पनियो म्हणतात, आणखी मुली आल्या आणि केडगावचा संसार दोन हजारांच्या आसपास गेला. शेत, विहिरी, गुरं, माग, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकामुलींनी चालवलं. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं. १९२१ मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. त्यानंतरही रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. या बाईला कुणी समाधानावर व्याख्यान द्यायला सांगितलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं कोण जाणे. मला त्यांच्या दिवसाचा क्रम डोळ्यांपुढे आणला की पुरतं.

आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक! त्यांचं नाव काढल्याशिवाय माझं पत्र पुरं होत नाही हे तुला माहीतच आहे. ‘स्मृतिचित्रे’ तुझ्याकडे असेल तर परत काढ, नसेल तर मी पाठवते. दारिद्र्यावर इतकं हसत हसत लिहिणारी बाई मराठीत दुसरी नाही. त्यांचे यजमान, कवी टिळक, यांच्या हातात पैसा टिकायचा नाही. दारी आलेला माणूस रिकाम्या हाताने जायचा नाही, मग घरात चूल पेटो न पेटो. आणि लक्ष्मीबाई गप्प बसायच्या असं समजू नकोस. भांडायच्या, रुसायच्या, नवऱ्याला सरळ सरळ सुनवायच्या. समाधानी बाई म्हणजे तोंडातून चकार शब्द न काढणारी बाई, असं आपल्याकडे उगीच समजतात. भाऊजींवर दोनदा ओरडलीस म्हणून तू पत्रात हळहळलीस. ओरडलीस तर ओरडलीस. नंतर दोघांनी मिळून चहा घेतलात ना? मग झालं.

त्यांचा सगळा प्रवासच विलक्षण आहे. सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात वाढलेली मुलगी. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा सगळं आयुष्य उलटंपालटं झालं, काही वर्षं नवऱ्यापासून दूर काढली. १९०० मध्ये राहुरीला त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तो काळ दुष्काळाचाच होता. कधी काळी दुसऱ्याच्या सावलीचा विटाळ मानणाऱ्या बाईच्या घरात पुढे कुणाकुणाची मुलं वाढली, जेवली. पैशाचं दान पुष्कळ लोक करतात. आपल्या चुलीपाशी कोण बसेल यावरचा हक्क सोडून देणं हे त्याहून कितीतरी अवघड दान आहे, आणि लक्ष्मीबाईंनी ते केलं.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा बांधलेला पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. लक्ष्मीबाईंच्या गाठीशी फार काही उरलं नव्हतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेलं आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. ती १९३४ पासून छापून येऊ लागली आणि मराठी माणूस धर्मजात विसरून ती वाचायला लागला, आजही वाचतो. आपण ‘उपासना-संगीता’तून टिळकांची पदं म्हणतो ती या घरातून आलीत. महिनाअखेरीला जिथे पीठ संपायचं, त्या घरातून.

आता जरा इकडचं सांगते. गेल्या रविवारी आम्ही नेवाशाकडच्या एका खेड्यात पिकाच्या उपकारस्तुतीला गेलो होतो. यंदा पाऊस अर्ध्यावरच रुसला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली, तूर वाळली, विहिरींनी तळ गाठलाय. मला वाटलं होतं लोक काय आणणार! आणि आले बाई. ज्वारीच्या कणसांची मुठीएवढी पेंडी, हरभऱ्याचा टहाळ, मेथीच्या जुड्या, एक लाल भोपळा, पाय बांधलेला कोंबडा. तो उपदेशाच्या वेळी मधेच आरवला आणि पोरं खुदखुदली. एक म्हाताऱ्या आजी स्टीलच्या डब्यात भुशावर ठेवून सहा अंडी घेऊन आल्या. डब्याचं झाकण हाताने दाबून धरलेलं, आणि वेदीपाशी ठेवताना एकेक अंडं उचलून बघितलं, तडा गेला नाही ना म्हणून.

उपासना झाल्यावर बाहेर लिंबाखाली लिलाव. पंचांपैकी एकजण उभे राहिले, “एक वार, दोन वार...” सुरू झालं. भोपळा ऐंशी रुपयांना गेला. ज्याने घेतला त्याने उचलून परत टेबलावर ठेवला, “पुन्हा लावा.” असा तो भोपळा चार हात फिरला आणि मंडळीला चारदा पैसे देऊन शेवटी पाळकांच्या घरी गेला. आजींची अंडी दोनशेवर पोचली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मेथीच्या जुड्यांच्या वेळी मागून त्यांचाच आवाज, “माझे वीस!” मी वळून बघितलं तर लुगड्याच्या कनवटीतून नोट सोडवत होत्या. नंतर त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, आजी, अंडी दिलीत, वर मेथीही घेतलीत. त्या म्हणाल्या, “कोंबडी उद्या परत घालील की.”

जमलेले पैसे गेले गावातल्या एका पोराच्या दवाखान्याच्या बिलाला. तो मंडळीतला नाही, शेजारच्या आळीतला आहे. आणि तिथेच मला कळलं की मागच्या वर्षी या आजींच्या मुलाला अपघात झाला तेव्हा मंडळीने त्यांच्या घरी गव्हाचं पोतं टाकलं होतं. ते त्यांनी खाली मान घालून घेतलं नाही. दारात उभ्या राहून, प्रार्थना करून, चहा पाजून घेतलं.

आता खरं बोलते. तुझ्या पत्रात शेवटी शेवटी तू एक गोष्ट पटकन लिहून पुढे गेलीस. तुमच्या मंडळीतल्या कुणीतरी पैशाचं पाकीट दिलं आणि तू ते परत केलंस. “आम्ही अजून त्या थराला गेलेलो नाही,” असं लिहिलंयस. सखे, हे मला टोचलं. तू आयुष्यभर देत आलीस. माझ्या बाळंतपणात तू महिनाभर डबा दिलास तो मी घेतला तेव्हा मी कुठल्या थराला गेले होते?

फिलिप्पैकरांस पत्र हे मुळात एक पोचपावती आहे, हे आपण विसरतो. त्या मंडळीने एपफ्रदीताच्या हातून पौलाला मदत पाठवली होती. तो बिचारा वाटेत की तिथे पोचल्यावर आजारी पडून मरणाच्या दारातून परत आला. पौलाने ती मदत घेतली आणि उघड लिहिलं की देण्याघेण्याच्या व्यवहारात तुम्हीच माझे भागीदार झालात. ज्याने कष्ट करून, तंबू शिवून पोट भरलं, ज्याला कुणावर भार व्हायचं नव्हतं, त्या माणसाने घेतलं. आनंदाने घेतलं, आणि त्यांच्यापुढे मान खाली घातली नाही. त्याच मासेदोनियातल्या मंडळ्यांबद्दल त्याने करिंथकरांना लिहिलंय की अत्यंत दारिद्र्यात असूनही त्यांनी यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी दिली. नुसती दिली नाही, आम्हालाही देऊ द्या म्हणून आग्रह धरला. द्यायचा आग्रह धरणारे गरीब आणि घ्यायला न लाजणारा पौल, हे दोघे मिळून ती मंडळी उभी राहिली. यातला एकजण जरी मागे सरला असता तरी सगळं अडलं असतं.

मिझोरामच्या बायकांचं तुला कधी सांगितलं का? स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढतात. बुहफाई थाम म्हणतात तिकडे. १९१० पासून चालत आलंय. आणि लगेच १९११-१२ मध्ये तिकडे बांबू फुलला, उंदरांचा सुळसुळाट होऊन शेतं फस्त झाली, दुष्काळ पडला. तरी ती मूठ टिकली, आजही घरोघर काढतात. २०२१ मध्ये म्यानमारमधून हजारो लोक जीव घेऊन पळून आले तेव्हा याच छोट्याशा राज्यातल्या लोकांनी त्यांना घरात घेतलं. कोविडचे दिवस होते, त्यांचंही काही बरं चाललेलं नव्हतं.

एक मात्र बजावून सांगते. तिकडेही असतील, इकडे तर फार झालेत, ‘पेरा म्हणजे शंभरपट मिळेल’ असं सांगून अडलेल्या माणसाच्या हातातली शेवटची नोट काढून घेणारे उपदेशक. त्यांच्या नादी लागू नकोस. घरभाड्याचे पैसे दानपेटीत टाकू नकोस, कर्ज काढून तर मुळीच नको. पौलाने करिंथकरांच्या त्याच पत्रात लिहून ठेवलंय की माणसाजवळ जे आहे त्यावरून त्याचं दान मोजलं जातं, जे नाही त्यावरून नाही. देवाशी सौदा करायचा म्हणून दिलं की त्यातला आनंदच जातो, आणि बदल्यात आला नाही पैसा की माणूस देवावरच रुसतो. मी अशी दोन घरं मोडताना जवळून बघितलीत.

तुझ्याजवळ काय आहे ते मी सांगू? भाऊजींजवळ सध्या वेळ आहे, आणि त्यांच्या हातची आमटी साऱ्या नगरात कुणाला जमत नाही. तुमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहणाऱ्या बाई आहेत, ज्यांच्याबद्दल तू मागे लिहिलं होतंस, बर्फात त्यांना बाहेर पडता येत नाही म्हणून. आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे वाटीभर आमटी-भात पोचला तर तुमचं भाडं थकणार नाही. नोकरी गेलेल्या माणसाला आपला कुणाला काही उपयोग नाही असं वाटायला लागतं ना, ते खरं विष. त्यावर मला तरी दुसरा उतारा माहीत नाही. आणि हे मी तुमचं दुःख हलकं करायला म्हणून सांगत नाही. नोकरी मिळेपर्यंत ते दुःख राहणारच, रोज सकाळी भेटणारच. पण त्याच्या शेजारी बसायला दुसरंही काही असू दे.

गाण्याचं म्हणशील तर, येत नसेल तर नको म्हणूस. रविवारी बाकीचे म्हणतील तेव्हा तू नुसती बसून राहा. मंडळी म्हणजे हेच ना, एकाचा आवाज बसला की दुसऱ्याने गायचं. पुढे तुझा आवाज मोकळा होईल तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी बसलेला असेल.

आता माझी एवढीच विनंती ऐक. ज्यांनी पाकीट दिलं होतं त्यांना फोन कर आणि सांग की आम्हाला गरज आहे. एवढंच वाक्य, पुढे सारवासारव नको. घरी बोलाव, चहा पाज, आणि घे. मग एक दिवस संध्याकाळी दोघांनी बसून फिलिप्पैकरांस पत्र वाचून काढा, चारच अध्याय आहेत, अर्ध्या तासात होतं. तुकड्या-तुकड्याने नको, एका बैठकीत वाचा, पत्रासारखं.

आमच्या घरच्या प्रार्थनेत रोज तुमची नावं असतात. भाऊजींना सलाम, मुलांना खूप खूप प्रेम. फोन केलास की मला लगेच कळव, आणि पत्राचं उत्तर कागदावरच पाठव.

तुझीच,
नगरची सखी